सात नंबरचा दगड

मच्छिंद्र देवकर आणि मी नगरच्या या कॉलेजात एकाच वर्षी लागलो. मी ग्रंथालयात, तो भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून. मधे फक्त एक भिंत. त्याचं दगड कापायचं यंत्र सुरू झालं की माझ्या कपाटांच्या काचा थरथरायच्या, आणि ते बंद झालं की मला कळायचं, आता मच्छिंद्र चहाला येणार.

तो कोल्हारचा. प्रवरेच्या काठाला घर, थोडी शेती, ती थोरला भाऊ करतो. बारावीला गणितात गेला आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण त्याच्या हाताची कीर्ती पुण्यापर्यंत होती. भूगर्भशास्त्राचे लोक दगड नुसता वरून बघत नाहीत, त्याच्या आरपार बघतात. त्यासाठी दगडाची चकती कापायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन जाड काचेवर ती घासत बसायचं, खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत. केसाच्या निम्म्याहून पातळ झाली पाहिजे. मिनिटभर जास्त घासलं तर पट्टीवर दगडच उरत नाही. मच्छिंद्र माप घेत नसे. मधून मधून पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, आतल्या खनिजांचे रंग बघायचा आणि पिवळेपणा जाऊन पांढरट करडा रंग दिसला की थांबायचा. दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक आपले दगड त्याच्याकडे धाडायचे. "मामा, असा काप आमच्याकडं कुणाला जमत नाही," असं तेहेतीस वर्षं त्यानं ऐकलं. अशा शब्दांची सवय लागते, आणि ती लागली आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

मोनिका विभागात कंत्राटावर आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. शेवगाव तालुक्यातली. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात ते चैत्राच्या सुमाराला परततात. ही वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाली होती आणि शिकत असताना संध्याकाळी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. मच्छिंद्रानं तिला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. तिला तो "पोरी" म्हणायचा. त्याची बायको लंका डब्यात तिच्यासाठी एक भाकरी जास्त घालायची. पहिलं वर्ष असं गेलं.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेतून आरती मॅडम आल्या. त्यांचं काम ऐकून मीसुद्धा प्रयोगशाळेच्या दारात थांबलो होतो. आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून पसरला, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना हे शोधायचं होतं, की तो लाव्हा जिथून वर आला ते पृथ्वीचं प्रावरण तेव्हा किती तापलेलं होतं.

"तेव्हाचं आज कसं मोजणार?" विभागप्रमुख काकासाहेब कडूस यांनीच विचारलं, बहुतेक आमच्यासाठी.

"दगडानं नोंद ठेवलेली असते," मॅडम म्हणाल्या. "लाव्हा निवायला लागला की सगळ्यात आधी ऑलिव्हीनचे हिरवे स्फटिक तयार होतात. त्यांच्या पोटात कधी कधी स्पिनेलचे काळे कण अडकतात. दोघं मिळून ॲल्युमिनियम वाटून घेतात. उष्णता जितकी जास्त, तितकं ऑलिव्हीनमध्ये ॲल्युमिनियम जास्त शिरतं. दोन्हीतलं प्रमाण मोजलं की स्फटिक किती अंशाला बनला ते निघतं, आणि तिथून मागं हिशेब करत प्रावरणापर्यंत जाता येतं. फक्त स्फटिक ताजा पाहिजे. आपल्याकडचं ऑलिव्हीन बहुतेक गंजून तांबडं झालेलं असतं."

मच्छिंद्र म्हणाला, "हिरवं पायजे ना? अकोल्याकडं हाय."

कधीकाळी एका सहलीबरोबर तो अकोले तालुक्यात राजूरच्या पुढं गेला होता तेव्हा त्यानं एका ओढ्यात तसला दगड पाहिला होता. पुढच्याच आठवड्यात मॅडम, मच्छिंद्र आणि मोनिका जीपनं तिकडं गेले. ओढा कोरडा होता. मच्छिंद्रानं तळाचा थर नेमका शोधून काढला आणि घणानं अकरा तुकडे फोडले. सातव्या तुकड्याची फोड उघडली तेव्हा आत बाटलीच्या काचेसारखे हिरवे दाणे चमकले. मॅडमनी भिंगातून एकेक दाणा बघितला. मग म्हणाल्या, "मामा, हे तुम्हीच शोधू शकता." त्या दिवशी परतल्यावर त्यानं हे वाक्य मला दोनदा सांगितलं.

कापाची रीत मात्र या वेळी वेगळी होती. मोजणाऱ्या यंत्राला पातळ काप नको होता, त्याला पृष्ठभाग आरशासारखा हवा होता. ओरखडा नको, खड्डा नको. शेवटी कापडावर हिऱ्याच्या पुडीचा लेप घेऊन पॉलिश करायचं. मॅडमनी नमुन्यादाखल सहा पट्ट्या मागितल्या. सात नंबर शेवटी करायचा असं ठरलं. चार पट्ट्या मच्छिंद्रानं केल्या, दोन मोनिकानं.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. कडूस सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण त्यांना वाटलं कौतुक असेल.

"सर, चार पट्ट्यांत अडचण आहे. कडा खचल्यात आणि ऑलिव्हीनचे दाणे निघून आलेत. दोन पट्ट्या फार सुंदर आहेत. त्या कुणी केल्या?"

सरांनी मोनिकाकडं पाहिलं. "आमच्या मोनिकानं."

"मग पुढच्या सगळ्या तिलाच करू द्या. मामांना म्हणावं, फक्त कापून द्या."

मामा तिथंच उभे आहेत हे मॅडमना ठाऊक नव्हतं. मच्छिंद्रानं हातातला फडका नळाखाली धुतला, पिळला, वाळत घातला आणि चहाला माझ्याकडं आला. चहा घेताना त्यानं एवढंच विचारलं, "चष्म्याच्या दुकानात काय पगार असतो हो?"

त्यानंतरचे महिने त्यानं मला पुढं स्वतः सांगितले, म्हणून मी ते सांगू शकतो. तो म्हणाला की त्याला तिचा आवाज ऐकू यायचा. तिचा म्हणजे तिच्या पट्टीचा, कापडावर फिरताना होणारा. एका लयीत, न चुकता. तो आवाज सुरू झाला की त्याचं स्वतःच्या कामातलं लक्ष उडायचं. तिचं मनगट सैल असायचं, पट्टीवर बोटं जेमतेम टेकलेली. तो दगड कापता कापता तिच्या मनगटाकडं बघत राहायचा. ती जेवायला गेली की तिची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा आणि ओरखडा शोधायचा. एकेक कोपरा, एकेक दाणा. ओरखडा नसायचा. एकदा त्याला बारीक रेघ दिसली आणि आनंद झाला, मग कळलं की ती भिंगावरच्या धुळीची आहे.

तो तिला "पोरी" म्हणेनासा झाला. "मॅडम, तुमचा दगड कापलाय," म्हणायचा. पहिल्यांदा ती हसली, तिला थट्टा वाटली. दुसऱ्यांदा हसली नाही. खिडकीजवळचं टेबल उजेडाचं, तिथं ती बसायची. त्यानं तिथं दगडांच्या पेट्या रचल्या. ती आतल्या टेबलावर गेली आणि तिथंही तिचं काम तितकंच चांगलं झालं. याचाही त्याला राग आला.

घरी लंकानं विचारलं, "त्या पोरीची भाकरी परत का आनता?"

"तिचं ती आनती आता."

"भांडलात काय?"

"मी कशाला भांडू? ती लई मोठी झालीया."

लंकानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "तुमीच शिकवलं ना तिला?" ती म्हणाली. तिनं हे सहज म्हटलं होतं, पण तो जेवणावरून उठला.

जुलैत सात नंबर कापायची वेळ आली. त्यानं तो यंत्राला लावलाच नाही. फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी कडूस सरांना म्हणाला, "सात नंबर गेला. कापताना भुगा झाला."

"असा कसा भुगा झाला? एवढा ताजा दगड."

"आत चीर हुती."

मोनिका समोरच होती. तिनं यंत्राखालच्या पाण्याच्या तबकाकडं पाहिलं. दगडाचा भुगा तिथं साचतो. तबक कोरडं होतं, त्यात भुग्याचा कणही नव्हता. ती आपल्या पट्टीकडं वळली.

उरलेल्या दहा तुकड्यांच्या पट्ट्या तिनं करून धाडल्या. सप्टेंबरात मॅडमचा फोन आला. बहुतेक दाणे कडेनं गंजलेले निघाले होते, काळे कण पोटात असलेले मोजकेच, आणि आकडे कुणाचा कुणाला मेळ नाही असे. कुठं बाराशे, कुठं साडेतेराशे. ऑलिव्हीन आणि स्पिनेलच्या इतक्या थोड्या जोड्यांवर त्या शोधनिबंधात काहीच लिहू शकत नव्हत्या. त्या पुन्हा ओढ्यावर जाऊन आल्या. उन्हाळ्यात तिथं खाली पाझर तलावाचा नवा बांध घातला गेला होता आणि पाणी त्या थराच्या पुरुषभर वर चढलं होतं.

कडूस सर तसे वाईट माणूस नाहीत, पण त्यांना कुणावर तरी चिडायचं होतं. जुलैत त्या दिवशी यंत्राच्या वहीत मोनिकाची सही होती, कारण वही रोज तीच भरायची. सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, "अशा वेळी लक्ष ठेवायचं काम तुमचं होतं. मामांचं वय झालंय. तुमचं काय? असा हलगर्जीपणा चालणार नाही. पुढच्या कंत्राटाच्या वेळी मला विचार करावा लागेल."

मच्छिंद्र दाराशी उभा होता. पुढं त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मान वर केली नाही. म्हणाला, "खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन घटका लई बरं वाटलं. मग 'मामांचं वय झालंय' हे ध्यानात आलं, आनि मग तिचं तोंड बगितलं." ती रडत नव्हती. ती टेबलावरचं कापड घडी करत होती आणि घडी काही नीट पडत नव्हती.

तरीही तो बोलला नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. सात नंबरचं पॉलिश स्वतः करायचं, मॅडमना थेट पुण्याला नेऊन द्यायचं आणि म्हणायचं, दगड वाचला, हे बघा. मग सगळं मिटेल, आणि पट्टी कुणाची होती तेही कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते. किल्ली त्याच्याकडंच. भाऊबीज झाल्यावर तो सकाळी नऊला यायचा आणि चारला जायचा. मी ग्रंथालयाची मोजणी करत होतो, मला यंत्राचा आवाज आला, पण विचारलं नाही. त्यानं तुकड्याचे दोन भाग केले. एक फडक्यात ठेवला आणि दुसऱ्यातून चार पट्ट्या काढल्या. चार दिवस त्यानं त्या घासल्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. असला दगड त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ऑलिव्हीनचे रंग पैठणीच्या काठासारखे, आणि जवळजवळ प्रत्येक दाण्याच्या पोटात काळे ठिपके. त्यानं मोजले तर एका पट्टीत चौदा. मग प्रकाश वरून टाकला आणि पृष्ठभाग बघितला. खड्डे होते. त्यानं पुन्हा लेप घेतला, आणखी हलक्या हातानं करायचं ठरवलं. पण तेहेतीस वर्षं त्याचा हात दाबायला शिकला होता, झिजवायला शिकला होता. मनानं हलका केला तरी बोटं आपोआप टेकायची. पुन्हा बघितलं तेव्हा सगळ्यात मोठा दाणा जागेवर नव्हता. तिथं भोक होतं. चारही पट्ट्यांचं हेच झालं. दोन तासांत पहिल्या पट्टीतल्या चौदा ठिपक्यांचे चार उरले.

दार वाजलं. मोनिका होती. आईबाप कारखान्यावर गेले होते, घराला कुलूप होतं, ती राहायची त्या वसतिगृहात कुणी नव्हतं, म्हणून ती कामाला आली होती. तिनं टेबलावरच्या पट्ट्या बघितल्या, मग फडक्यातला तुकडा.

"सात नंबर हाय ना ह्यो?"

"व्हय."

"म्हंजी भुगा झालाच न्हवता."

"न्हाई."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मला त्या दिवशी तबक कोरडं दिसलं हुतं मामा. मी म्हनलं, मामा असं करायचे न्हाईत, माझंच काय तरी चुकत आसंल. सर मला सगळ्यांदेखत बोलले तवा तुमी दारात हुता."

"हुतो."

"का केलंत?"

तो मला म्हणाला की त्याच्याकडं दुसरी कारणं होती. मॅडमनी अपमान केला, सरांनी विचारलं नाही, तू मान ठेवला नाहीस. पण समोर भोकं पडलेल्या पट्ट्या होत्या आणि ती कारणं तोंडातून निघेनात.

"तुजा हात बगवत न्हाई मला," तो म्हणाला. "लई जळतो मी. झोपंतसुदा तुजं मनगट दिसतंय."

तिनं पहिली पट्टी उचलली, उजेडात तिरकी धरली. "दाब पडलाय," ती म्हणाली. मग खाली ठेवली. "मी सरांना सांगनार न्हाई. तुमी सांगायचं. सुट्टी संपल्यावर पयल्या दिवशी. न्हाईतर मी ह्या दगडाला हात लावनार न्हाई, मग मॅडम काय बी म्हनू द्या."

"सांगतो."

"आनि सगळ्यांसमोर. मला बी सगळ्यांसमोरच बोलले हुते."

त्यानं सांगितलं. पहिल्या दिवशी, साडेदहा वाजता, कडूस सर, दोन प्राध्यापक आणि मोनिका यांच्यासमोर. तिनं बोलावलं म्हणून मीही गेलो होतो. मच्छिंद्र सरळ उभा राहून बोलला, कारण सांगायची वेळ आली तेव्हाही थांबला नाही. सरांना काय करावं सुचेना. त्यांनी आधी मोनिकाची माफी मागितली. मग मच्छिंद्राला लेखी खुलासा मागितला. तो त्यानं दिला. त्याच्या सेवापुस्तकात ताकीद लागली, तेहेतीस वर्षांतली पहिली. आरती मॅडम फोनवर त्याच्याशी बोलल्या नाहीत, अजूनही बोलत नाहीत. मला त्यांचंही चूक वाटत नाही.

उरलेल्या अर्ध्या तुकड्याचं काम मोनिकानं केलं. कापून मच्छिंद्रानंच दिलं, त्यात त्याचा हात अजून पक्का आहे. खिडकीतल्या पेट्या त्यानं आपण होऊन हलवल्या. ती घासत असताना तो शेजारच्या टेबलावर बसून बघायचा, आणि आता बघतोय हे लपवायचा नाही. ती कधी त्याच्याशी चार शब्द बोलायची, कधी अख्खा दिवस बोलायची नाही. लंकानं डब्यात पुन्हा भाकरी घातली तेव्हा मोनिकानं तीन दिवस ती परत केली आणि चौथ्या दिवशी घेतली.

फेब्रुवारीत निकाल आला. या वेळी आकडे एकमेकांजवळ होते. स्फटिक बनले ते तेराशे दहा अंशांच्या आसपास, आणि त्यावरून मॅडमनी प्रावरणाचा अंदाज काढला तो पंधराशेच्या घरात. आजच्या साध्या प्रावरणापेक्षा शे-दीडशे अंश जास्त. मोनिका कागद घेऊन प्रयोगशाळेत आली, मी आणि मच्छिंद्र चहा घेत होतो. तिनं आकडा वाचून दाखवला.

"इकडं तिकडं किती?" मच्छिंद्रानं विचारलं, म्हणजे आकडा किती अंशांनी चुकू शकतो.

"चाळीस."

"चाळीस? लई हाय."

"उरलेल्या अर्ध्यात मोजता येतील अशा जोड्या अकराच मिळाल्या ना मामा. मॅडम म्हनल्या, तीसेक जोड्या असत्या तर पंचवीसवर आलं असतं."

त्यानं कप खाली ठेवला. त्या चार पट्ट्या आणि त्यांतून गेलेले काळे ठिपके आम्हा तिघांनाही माहीत होते. मोनिकानं मुद्दाम म्हटलं की सहज, मला सांगता येणार नाही. मच्छिंद्र म्हणाला, "माझ्या हातानं घालवलं ते." ती "व्हय" म्हणाली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या जूनपासून मॅडमनी तिला पुण्याला आपल्याकडं घेतलं. जायच्या आधी ती मच्छिंद्राच्या घरी जेवून गेली. आता नवी पट्टी जमली की ती फोटो पाठवते, तोही बघून दोन ओळी लिहितो. परवा त्यानं मला असाच एक फोटो दाखवला. काळी पार्श्वभूमी, त्यात रंगीत दाणे, कुठंही खड्डा नाही.

"चांगलाय?" मी विचारलं.

"चांगला हाय," तो म्हणाला. फोटो बोटांनी मोठा करून त्यानं दाण्यांच्या कडा बघितल्या. "असा मला कंदी जमला न्हाई. जळतं हो अजून. पर आता तिला तसं लिवतो. म्हनतो, पोरी, आज लई जळलं."

"आणि ती काय लिहिते?"

"ती लिवती, मामा, मनगट सैल सोडा."